रस काहिलीत पडण्याआधीचे तास

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुळाच्या रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात दर हंगामात तक्रारी येतात, आणि ती पत्रे लिहिणाऱ्या ग्राहकांचा राग मला पूर्णपणे मान्य आहे. मी कराड तालुक्यात सव्वीस वर्षे गुऱ्हाळ चालवतो. माझ्याआधी ते वडिलांनी चालवले. या पत्रांमध्ये काहिलीत, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईत, काय टाकले जाते याची चर्चा असते, परंतु काहिलीत पडण्याआधी तो रस कशात, कुठे आणि किती वेळ थांबून होता, हे कोणी विचारत नाही. गुळाचे बरेचसे बरेवाईट त्या थांबण्यातच ठरते, असे माझे मत झाले आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहिण्याची परवानगी मागतो.

मत झाले आहे असे म्हणतो, कारण ते पूर्वी नव्हते. माझी थोरली मुलगी व जावई अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात राहतात. दोन वर्षांपूर्वी गुऱ्हाळ धाकट्या भावाच्या हवाली करून आम्ही उभयता मार्च महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. तो तिथे मॅपल झाडाचा रस काढून आटवण्याचा हंगाम असतो. मुलीच्या शेजारचे एक वयस्क शेतकरी आपल्या शेडमध्ये हा उद्योग करतात. मी गुऱ्हाळवाला आहे हे कळल्यावर त्यांनी मला रोज सकाळी सोबत नेले, आणि त्या तीन आठवड्यांत आटवण्यापेक्षा साठवण्याबद्दलच मी अधिक शिकून आलो.

वाचकांना कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असे चढउतार जोवर होत असतात तोवरच या झाडाच्या खोडातून रस पाझरतो; कळ्या फुटू लागल्या की रसाला वेगळाच उग्र वास येतो आणि हंगाम संपतो. खोडाला सुमारे ८ मिलिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर खोल छिद्र पाडून त्यात तोटी बसवतात व तिला झाकणाची बादली टांगतात किंवा नळी जोडतात. झाड रस देण्याजोगे जाड व्हायला साधारण चाळीस वर्षे लागतात, त्यामुळे आजोबांनी राखलेल्या झाडाला नातू तोटी लावतो. रस दिसायला पाण्यासारखा असतो आणि त्यात साखर जेमतेम २ टक्के असते, म्हणजे १ लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. आपल्या उसाच्या रसात विद्राव्य घटक १८ ते २० टक्के भरतात. आपल्याला निसर्गाने किती आयते दिले आहे, हे त्या शेडमध्ये उभे राहिल्यावर समजते.

त्या रसाला तिथले लोक दुधासारखे जपतात. ही उपमा माझी नाही, त्यांच्याच बोलण्यातली आहे: रस दुधासारखा नासतो, तेव्हा दुधासारखा सांभाळावा. झाडातून निघताना रस जवळजवळ निर्जंतुक असतो. त्याला जंतू आणि यीस्ट लागतात ते तोटीत, बादलीत, नळीत आणि टाकीत. म्हणून पावसाचे पाणी आणि किडे आत पडू नयेत यासाठी प्रत्येक बादलीला झाकण असते, आणि उबदार दिवशी रस बादलीत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत नाहीत. टाकीत ओतण्याआधी तो गाळून घेतात. टाकी स्टेनलेस स्टीलची असून शेडच्या उत्तरेला, जिथे दिवसभर ऊन येत नाही, तिथे ठेवलेली होती आणि तिच्या भोवती बर्फ रचलेला होता. रस ४ अंशांच्या खाली राहिला तर काही दिवस टिकतो; हवा १० अंशांवर गेली की त्याच दिवशी आटवायचा, मग मध्यरात्र झाली तरी चालेल. मी तिथे असताना दोनदा तसे झाले आणि त्यांच्या कुटुंबातले सगळे पहाटेपर्यंत भट्टीपाशी उभे होते.

दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. कालचा रस टाकीत शिल्लक असेल तर त्यात आजचा ओतत नाहीत. आधी जुना संपवून टाकी गरम पाण्याने धुतात आणि मगच नवा रस घेतात. धुताना साबण टाळतात, कारण त्याचा वास पाकात उतरतो. आणि रात्री टाकीत वरच्या थराचा बर्फ झाला तर तो काढून फेकून देतात. मी पहिल्यांदा हळहळलो, पण गोठतो तो बहुतांशी पाण्याचाच भाग असतो आणि साखर खालच्या द्रवात राहते, त्यामुळे फुकटात थोडे आटवण झाल्यासारखे होते. मोठे उत्पादक आता यंत्राने पाणी वेगळे काढून रस आधीच दाट करून घेतात; मात्र दाट केलेला रस साध्या रसापेक्षा लवकर खराब होतो, म्हणून तो लगेच भट्टीवर जातो.

इतकी धावपळ कशासाठी, याचे उत्तर आपल्याकडच्या गुळव्यालाही, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरालाही, ठाऊक आहे, फक्त त्याची भाषा वेगळी आहे. रसातली मूळ साखर म्हणजे सुक्रोज. जंतूंच्या क्रियेने ती फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. या दोन साखरा तापल्यावर लवकर काळवंडतात, म्हणून मॅपलच्या शिळ्या रसाचा पाक गडद होतो. तिथे गडद पाकालाही गिऱ्हाईक आहे. सोनेरी, पिंगट, गडद आणि अतिगडद असे रंगाचे चार वर्ग बाटलीवर छापलेले असतात आणि ज्याला जो रुचतो तो तो घेतो. आपल्याकडे मात्र काम रंगावर थांबत नाही. गुळाची ढेप घट्ट आणि रवाळ व्हायला सुक्रोज शाबूत लागते. फुटलेली साखर रवा धरत नाही, हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जून महिन्यात गोदामात ढेपांना पाझर फुटतो. म्हणजे जी चूक त्यांच्या पाकाचा केवळ रंग बदलते, ती आपल्या गुळाची ढेपच मोडते. रस जपण्याची गरज आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक आहे आणि परिस्थिती मात्र उलटी आहे: त्यांच्या दारात बर्फ, आपल्याकडे मार्चच्या दुपारी कराडला पस्तीस अंश. तिथे जी नासाडी व्हायला दिवस लागतात ती इथे काही तासांत होते.

आता आपल्या गुऱ्हाळातली रसाची वाट पाहा. चरकातून निघालेला रस मांदणात, म्हणजे साठवणीच्या हौदात, येतो, तिथून काहिलीत जातो. आमच्या काहिलीचे एक आदण, म्हणजे एका वेळी आटवायला घातलेला रस, साधारण हजार लिटरचे असते आणि ते उतरायला अडीच ते तीन तास लागतात. चरक तेवढा रस त्याहून बराच लवकर काढतो. म्हणजे चरक पुढे धावतो, काहील मागे राहते, आणि मधल्या वेळेत रस मांदणात पडून असतो. हे कोणाच्या आळसामुळे होत नाही; गुऱ्हाळाची रचनाच तशी आहे. म्हणूनच मांदण हे गुऱ्हाळातले सर्वांत नाजूक ठिकाण आहे, आणि नेमके तेच आपण सर्वांत कमी धुतो.

बहुतेक मांदणे विटा-सिमेंटची आहेत. उसाचा रस मुळात आम्लधर्मी, त्याचा सामू (पीएच) ५.२ ते ५.५ च्या आसपास असतो. वर्षानुवर्षे तो सिमेंट खातो, गिलाव्याला खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत रस मुरतो. रस बाहेर काढण्याचा नळ तळापासून चार बोटे वर असतो, त्यामुळे खाली गाळ कायम राहतो. एका आदणाचा रस उपसला की त्याच गाळावर दुसऱ्या आदणाचा ताजा रस पडतो. कोणतीही गृहिणी सांगेल की ताज्या दुधात विरजण घातले की त्याचे काय होते. मांदणातला गाळ हे विरजणच आहे, आणि आपण ते दिवसातून तीन-चार वेळा आपल्या हाताने लावतो.

सहा वर्षांपूर्वीची माझी स्वतःची चूक इथे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मांदण भरलेले असताना चुलाणाची, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीची, जाळी ढासळली आणि ती दुरुस्त होईपर्यंत उजाडले. सकाळी रसावर फेस आला होता, वास आंबूस होता आणि हात घातला तर रस बुळबुळीत लागत होता. आमच्या गुळव्याने स्पष्ट सांगितले, हा रस सोडून द्या. मला ते सोसवले नाही. नेहमीपेक्षा जास्त चुन्याची निवळी घालून आदण लावले. मळी, म्हणजे रसातली घाण, नीट वर येईना, पाक थंड पाण्यात टाकला तरी गोळी धरेना, आणि रंग असा काळपट झाला की शेवटी मी रंग उडवणाऱ्या हायड्रॉसची पुडी फोडली. त्या दिवशीच्या ढेपा बाहेरून पिवळ्या दिसल्या आणि विकल्याही गेल्या. उरलेल्या ढेपा आमच्याच माळ्यावर होत्या. आषाढात त्या पाघळल्या आणि रंगही पुन्हा उतरून काळा झाला. लोकांना मी काय विकले होते, हे मला त्या माळ्यावर कळले.

हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते रंग तात्पुरता उडवते, साखर दुरुस्त करत नाही, आणि मागे सल्फर डायऑक्साइड ठेवून जाते, ज्याची गुळातील कायदेशीर मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, ही पुडी बहुतेक वेळा काहिलीशी उभे राहून सुचत असली तरी तिची गरज मांदणात किंवा त्याही आधी फडात तयार झालेली असते. रस ताजा आणि स्वच्छ असेल तर भेंडीचे पाणी आणि बेताची निवळी यांवर मळी निघते आणि गूळ आपोआप सोनेरी-तांबूस येतो. शिळ्या रसाला रंग द्यायचा म्हटले की पुडी आलीच.

मॅपलवाल्यांनीही एके काळी अशी आडवाट धरली होती, हे मला तिथेच समजले. झाडाला पाडलेल्या छिद्रात जंतू वाढले की ते छिद्र बुजते आणि रस थांबतो. १९६०च्या दशकात त्यावर उपाय म्हणून छिद्रात पॅराफॉर्माल्डिहाइडच्या गोळ्या टाकण्याची पद्धत निघाली. रस जास्त दिवस आला, पण त्या गोळ्यांनी झाडाचे लाकूड आतून खराब होऊ लागले, आणि पुढे अमेरिकेत व कॅनडातही त्यांच्यावर बंदी आली. आज तेच काम दर वर्षी नवी तोटी बसवून आणि नळ्या स्वच्छ ठेवून केले जाते. शिशाच्या डाखाच्या जुन्या बादल्याही त्यांनी अशाच बाद केल्या. व्हर्माँट विद्यापीठाचे अंडरहिल येथील मॅपल संशोधन केंद्र १९४६ पासून याच बारीकसारीक गोष्टींचा अभ्यास करते: छिद्र केवढे असावे, नळी किती वर्षे वापरावी, टाकी कशी धुवावी.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते असे कोणी समजू नये. नीरा उतरवणारे मडक्याला आतून चुना लावतात आणि उन्हे चढण्यापूर्वी झाडावरून खाली येतात. रस टिकवण्याचे शास्त्र याहून वेगळे काय आहे? आमच्या वडिलांच्या वेळी रात्री शेवटचे आदण उतरले की मांदण कढत पाण्याने घासून चुन्याच्या पाण्याने धुतल्याशिवाय कोणी घरी जात नसे. विजेचा चरक आला, गाळप वाढले, माणसे कमी झाली, आणि ती सवय सुटली.

आणखी एका बाबतीत आपले काम मॅपलवाल्यांपेक्षा अवघड आहे. त्यांचे झाड उभे असते आणि रस झाडात असेपर्यंत सुरक्षित असतो. आपण ऊस तोडतो, आणि तोडला की तो ऊसच रसाचे भांडे होतो. तोडलेल्या टोकांतून जंतू आत शिरतात आणि साखर फुटायला सुरुवात होते. तोडीपासून बारा तासांच्या आत ऊस चरकाला लागावा, चोवीस तास ही शेवटची हद्द समजावी. जळालेल्या उसाला तर तेवढीही मुभा नाही. पण मजुरांच्या टोळीच्या सोयीने दोन दिवसांचा ऊस एकदम तोडून गुऱ्हाळाच्या अंगणात उन्हात ढीग मारणे, हे आमच्या भागात रोज दिसते. तो ढीग सावलीत असावा, त्यावर पाचट पसरून पाणी शिंपडावे, आणि आधी आलेला ऊस आधी गाळावा, एवढे केले तरी फरक पडतो. उसाला चिकटलेली माती झटकणे हेही त्यातलेच. ती माती चरकातून थेट मांदणाच्या तळाशी जाते.

व्हर्माँटहून परतल्यावर मी जे केले ते थोडक्यात सांगतो. जुने सिमेंटचे एक मोठे मांदण बुजवून स्टेनलेस स्टीलच्या दोन लहान टाक्या बसवल्या, प्रत्येकी एका आदणापुरत्या. त्यांचा तळ उतरता आहे आणि नळ अगदी खालच्या बिंदूला आहे, त्यामुळे गाळ उरत नाही. एका टाकीतला रस काहिलीत जात असताना दुसरी भरते, आणि रिकामी झालेली टाकी पुन्हा रस घेण्याआधी गरम पाण्याने धुतली जाते. पाणी तापवायला वेगळे जळण लागत नाही. चुलाणाच्या धुराड्याशेजारी एक पिंप बसवले आहे. चरकाखाली जाळी आणि टाकीच्या तोंडावर धुवून वाळवलेले कापड असते, ज्याने चिपाडाचा भुगा आणि माश्या दोन्ही अडतात. मला सर्वांत जड गेला तो निर्णय वेगळाच होता: काहील मोकळी होण्याच्या अंदाजानेच चरक सुरू करायचा आणि रात्री टाकीत एक थेंबही रस ठेवायचा नाही. यात दिवसाचे गाळप कमी होते. सुरुवातीला गडी कुरकुरले, मीही आतून कुरकुरलोच. गेल्या हंगामात मात्र आमच्या गुऱ्हाळावर हायड्रॉसची एकही पुडी फुटली नाही, चुना पूर्वीपेक्षा कमी लागला, आणि माळ्यावर ठेवलेल्या ढेपा श्रावणातही कोरड्या होत्या.

बाजारात मला याचा मोबदला मिळाला असे मी म्हणू शकत नाही. सौद्यात ढेप फोडून रंग बघतात, आणि आमचा तांबूस गूळ शेजारच्या पिवळ्याधमक गुळापेक्षा खालच्या भावाने गेला. ही माझी एकट्याची तक्रार नाही. ज्याने ज्याने पुडी सोडली त्या प्रत्येकाला पहिली दोन वर्षे हेच सोसावे लागते. कराड आणि सांगली या दोन्ही जुन्या गूळ बाजारपेठा आहेत. तेथील बाजार समित्यांनी बिनरसायनी गुळाचा सौदा वेगळा लावावा आणि त्या गुळाची सल्फर डायऑक्साइडची तपासणी तिथल्या तिथे करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रंगानुसार चार वर्ग करूनही सगळेच शुद्ध, अशी व्यवस्था मॅपलच्या पाकासाठी होऊ शकते, तर गुळासाठी का होऊ नये?

अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक गुऱ्हाळावर येतात तेव्हा काहिलीजवळच्या पिशव्या तपासतात. त्यांनी मांदणात वाकून पाहावे, तळाचा गाळ हातात घ्यावा आणि ऊस कधी तोडला ते विचारावे. दंड करण्यापूर्वी हे बोलणे झाले तर पुष्कळ गुऱ्हाळवाले ऐकतील, कारण रस नासल्याने नुकसान त्यांचेच होते. आपल्याच जिल्ह्यात पाडेगावला १९३२ पासूनचे ऊस संशोधन केंद्र आहे आणि कोल्हापूरला खास ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. को ८६०३२ सारख्या जातींविषयी या केंद्रांकडून आमच्यापर्यंत पुष्कळ पोहोचले. आता दसऱ्यानंतर गुऱ्हाळे पेटण्याच्या सुमारास रस साठवणीचे एकेक दिवसाचे प्रात्यक्षिक गुऱ्हाळावरच घ्यावे, सभागृहात नव्हे, आणि त्याला मालकांबरोबर गुळव्या आणि चरकावरची माणसेही बोलवावीत. टाकी धुणारा हात त्यांचाच असतो.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. ऊस कारखान्यांकडे वळल्याने आमच्या परिसरातली कितीतरी गुऱ्हाळे बंद पडली, आणि उरलेल्यांना स्टीलच्या टाकीचा खर्च एकदम झेपत नाही. केंद्राच्या २०२० पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान बँक कर्जाशी जोडून मिळते. कृषी विभागाच्या मंडळींनी गुऱ्हाळवाल्यांचे प्रस्ताव तयार करताना वड्यांचे साचे आणि आकर्षक खोके यांच्या आधी रसाची टाकी, गाळणी आणि गरम पाण्याची सोय यांची नोंद करावी. चांगल्या खोक्यात आंबलेल्या रसाचा गूळ भरून काही साधणार नाही.

येत्या हंगामापासून आमच्या गुऱ्हाळात प्रत्येक आदणासाठी एक वही ठेवत आहे. तिच्यात ऊस केव्हा तोडला, चरकाला केव्हा लागला आणि रस काहिलीत केव्हा पडला, अशा तीन वेळा लिहिल्या जातील, आणि गूळ घ्यायला येणाऱ्या कोणालाही ती चाळता येईल. ज्या दिवशीच्या वेळा लांबलेल्या असतील त्या दिवसाचा गूळ घेऊ नका, असे मी स्वतः सांगेन.

कळावे,

आपला नम्र,
एक गुऱ्हाळमालक वाचक
ता. कराड, जि. सातारा